आवाजाच्या मागे काय वाजतंय

हरिनाम सप्ताह उरकला की पारावर जमाखर्च वाचून दाखवतात. तेलाचे डबे, हरभऱ्याची डाळ, पत्रावळी, महाराजांची बिदागी, मृदंगाचार्यांचं मानधन, गाडीभाडं, सगळ्याचा आकडा वेगवेगळा लागतो. आवाजाची मात्र एकच ओळ असते : ‘मंडप व साऊंड’. माईक कोणता होता, किती होते, कुठे लावले होते, हे कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही. सात दिवस अख्ख्या गावानं ज्या वस्तूतून कीर्तन ऐकलं, ती वस्तू ताडपत्री आणि कनातीच्या भाड्यात जिरून जाते.

हे पुस्तक त्या वस्तूबद्दल आहे. ते लिहिलंय सप्ताह कमिटीतल्या माणसांसाठी, भजनी मंडळांसाठी, नुकताच मिक्सर विकत घेतलेल्या मंडपवाल्याच्या पोरासाठी, आणि घरी आजीच्या ओव्या जपून ठेवायच्या म्हणून मोबाईल पुढे धरणाऱ्या नातवासाठी. सगळी उदाहरणं बीड जिल्ह्यातली आहेत. माईकवरची पुस्तकं बहुतेक इंग्रजीत असतात आणि ती गिटार, ड्रम आणि पियानो धरून चालतात. आमच्याकडे चार-पाच हात मागे वीस टाळकरी उभे असतात. त्या पुस्तकांत टाळ नाही, आणि टाळ नाही म्हणजे आमचा अर्धा प्रश्नच नाही.

दुकानात माईक घ्यायला गेलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो ‘कॅचिंग’चा. याची कॅचिंग कशी आहे? लांबून आवाज ओढतो का? दुकानदारही हातभर अंतरावरून ‘हॅलो, चेक’ म्हणून दाखवतो, बॉक्समधून खणखणीत आवाज येतो आणि सौदा ठरतो. पण दुकानात टाळ वाजत नसतात. मृदंग, जनरेटर, समोरच्या बायांच्या मांडीवरची लेकरं यांतलंही काही नसतं. जो माईक दुकानात लांबून ओढतो तो मंडपात टाळही तेवढ्याच इमानदारीनं ओढतो. माझं या पुस्तकातलं मुख्य म्हणणं एवढंच आहे की माईक निवडताना आवाज कोणाचा, हा प्रश्न दुसरा. त्या आवाजाच्या मागे आणि आजूबाजूला काय वाजतंय, आणि त्यातलं काय आपल्याला नको आहे, हा पहिला.

वारकरी कीर्तनाची मांडणी डोळ्यांपुढे आणा. महाराज श्रोत्यांकडे तोंड करून उभे. बाजूला विणेकरी, एका अंगाला मृदंग, दोन्हीकडे गायक आणि पाठीमागे अर्धगोलात टाळकरी. महाराजांपुढे स्टँडवर माईक, त्याचं तोंड अर्थातच महाराजांकडे. आता मंचावर वापरायचे बहुतेक माईक असे असतात की समोरचं पूर्ण ऐकतात, बाजूचं निम्म्यानं आणि पाठीमागचं जवळपास नाहीच. आलेख काढला तर बदामासारखी आकृती येते, म्हणून त्याला कार्डिऑइड म्हणतात. ऐकायला छान वाटतं. पण आमच्या मांडणीत त्या माईकची पाठ येते श्रोत्यांकडे, आणि तोंड महाराजांकडे, म्हणजेच महाराजांच्या मागे उभ्या टाळकऱ्यांकडेही! कंपनीनं जी पाठ बहिरी करून दिली ती टाळाच्या कामाची नाही. ती कामाला येते पायाशी ठेवलेल्या मॉनिटर बॉक्सपुरती. त्यासाठी ती उत्तमच आहे, शिट्टी बसत नाही. टाळासाठी दिशेचा उपाय संपला.

उरतं ते अंतर. तोंड आणि माईक यांच्यातलं अंतर निम्मं केलं की आवाज 6 डेसिबलनं वाढतो. महाराज वीतभराहून जास्त, साधारण 30 सेंटिमीटरवर उभे राहत असतील आणि त्यांना 5 सेंटिमीटरवर आणलं, तर त्यांचा शब्द 15 डेसिबलहून अधिक वर येतो. टाळकरी होते तिथेच राहतात, म्हणून टाळ आहे तेवढाच राहतो. आता मशीनचा आवाज खाली घ्यायचा. शब्द पूर्वीएवढाच, टाळ मात्र मागे गेला. कुठलाही महागडा माईक एवढा फरक पाडत नाही. अडचण एवढीच की महाराज 5 सेंटिमीटरवर थांबत नाहीत. ते पुढे येतात, डावीकडे वळून गायकाला चाल देतात, रंगात आले की दोन पावलं नाचतात. त्यांनी थांबावं अशी अपेक्षा करणं चूक आहे, ते काही आकाशवाणीवर बातम्या वाचायला उभे नाहीत. म्हणून गेल्या काही वर्षांत गळ्यातले आणि कानाला अडकवायचे माईक आले.

इथे थोडं थांबतो, कारण सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. कॉलर माईक बसतो छातीवर, तोंडापासून साधारण 24 सेंटिमीटरवर. कानातला माईक ओठाच्या कडेला, 3 सेंटिमीटरवर. अंतराचं गणित पुन्हा तेच, फरक सुमारे 18 डेसिबलचा. म्हणजे कॉलर माईकचं मशीन तेवढं जास्त उघडावं लागतं आणि त्याबरोबर टाळ, मृदंग, बॉक्स सगळं उघडतं. शिवाय छाती ही कीर्तनकाराच्या अंगावरची सर्वात गजबजलेली जागा. तिथे तुळशीची माळ असते, उपरणं असतं, आणि सुरुवातीलाच सरपंच नाहीतर यजमान येऊन झेंडूचा हार घालतात. केज तालुक्यातल्या एका गावात मी पहिल्याच रांगेत बसलो होतो. महाराजांनी नमस्कारासाठी वाकताच माळेचा मणी कॉलर माईकवर आपटला आणि बॉक्समधून गोटा पडल्यासारखा आवाज आला. माईकवाला धावत गेला, हार बाजूला केला, माईक दोन बोटं वर सरकवला. पुढे अभंग सुरू झाला तेव्हा उपरणं त्यावर घासायला लागलं. तो पुन्हा उठला नाही, त्यानं सरळ बारीक आवाज कापून टाकला. तासभर महाराजांचे स, श आणि च ऐकूच आले नाहीत. माईकवाल्याचा यात काही दोष नव्हता. वस्तूच चुकीच्या जागी बसवलेली होती.

कानातल्या माईकबद्दल महाराज मंडळींची एक तक्रार असते की तो चेहऱ्यावर दिसतो, फोटोत वाईट येतो, फेट्याखाली बसत नाही. तक्रार खरी आहे. त्यावर उपाय म्हणजे अंगाच्या रंगाचा बारीक माईक आणि वायर फेट्याखालून मागे. हा माईक चहूबाजूंनी ऐकणारा घेतला तरी चालतो, उलट उघड्या मंडपात तोच बरा. फुंकर आणि वारा त्याला कमी बाधतात, आणि तोंडाला लागून असूनही त्यात आवाज उगाच घुमत नाही. एका बाजूनं ऐकणारे माईक अगदी जवळ घेतले की खर्ज फुगतो, भारदस्त पण गढूळ होतो. बालाघाटाच्या माथ्यावर, आष्टी-पाटोद्याकडे उन्हाळी संध्याकाळी वारं सुटतं तेव्हा हा फरक कोणालाही ऐकू येईल. फोमची टोपी घालायला मात्र विसरू नका. ती हरवली म्हणून बॉलपेनचं टोपण बसवलेलं मी पाहिलंय.

आता माईकच्या जाती. पुस्तकात यावर दोन प्रकरणं आहेत, इथे ओळख पुरे. डायनॅमिक माईकमध्ये पडद्याला तारेचं वेटोळं चिकटवलेलं असतं आणि ते लोहचुंबकात हलतं, त्यातूनच वीज निघते. बाहेरून काही द्यावं लागत नाही. धूळ, ऊन, हात निसटून पडणं, हे सगळं तो सोसतो. शुअर कंपनीचा एसएम 58 हा या जातीचा सर्वांत प्रसिद्ध माईक 1966 सालचा आहे आणि तो आजही जवळपास तसाच निघतो. अस्सल एसएम 58 चं वजन 298 ग्रॅम भरतं. नकली माल इतका आहे की दुकानात जाताना किराणा दुकानातला काटा बरोबर न्यावा असं मी गमतीनं म्हणतो, पण अगदीच गंमत नाही. कंडेन्सर माईकमध्ये वेटोळं नसतं. एक अतिपातळ पडदा आणि त्याच्या मागे एक पत्रा, दोघांमध्ये विजेचा भार. 1916 साली अमेरिकेत ई. सी. वेन्टी यांनी तो बनवला. 1962 मध्ये बेल लॅबमध्ये गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी इलेक्ट्रेट काढला, ज्यात पडद्यातच कायमचा भार साठवलेला असतो. तुमच्या मोबाईलपर्यंत आलेले लहान माईक कंडेन्सरच्याच घराण्यातले. मोठ्या कंडेन्सरला मिक्सरमधून 48 व्होल्ट द्यावे लागतात, त्याला फँटम म्हणतात. गावातल्या जुन्या मशीनवर फँटमचं बटणच नसतं. कौतुकानं आणलेला कंडेन्सर अशा मशीनला लावला तर तो चकार शब्द बोलत नाही, आणि मग ‘खराब निघाला’ म्हणून परत जातो.

कंडेन्सर लांबचं ऐकतो, हा एक पक्का समज आहे आणि तो बरोबर नाही. कंडेन्सरचा आवाज मुळात मोठा येतो, म्हणून तसं वाटतं. एकाच दिशेचे दोन माईक, एक डायनॅमिक आणि एक कंडेन्सर, तोंडापासून सारख्याच अंतरावर धरा आणि दोघांचा शब्द सारखा करून घ्या. मागचा टाळ जवळपास सारखाच येईल. फरक पडतो तो टाळाच्या जातीत. कंडेन्सर वरच्या पट्टीतलं बारीक काम नीट पकडतो, म्हणून टाळ जास्त धारदार लागतो. एक उलटी गोष्टही सांगायला हवी. एसएम 58 सारख्या माईकमध्ये शब्द स्पष्ट यावेत म्हणून 4,000 ते 6,000 हर्ट्झच्या आसपासचा पट्टा मुद्दाम उचललेला असतो. टाळाच्या झंकारातला मोठा भाग याच पट्ट्यात आणि त्याच्या वर आहे. सभेच्या भाषणात जी स्पष्टता गुण ठरते, ती जयजयकाराच्या भजनात टाळकऱ्यांना फुकटची मदत करते.

मृदंगाला दोन माईक लावावेत की एक, यावर भांडणं होतात. माझं मत दोन. डाव्या तोंडाला कणीक लावलेली असते, तिचा घुमारा खालचा, आणि उजव्या शाईच्या तोंडाचा आवाज टणक. एकच माईक मध्ये ठेवला तर दोन्हीपैकी एकही नीट येत नाही. दोन्हीकडे डायनॅमिक चालतात, उजवीकडे जरा चांगला द्यावा. पण उभं राहून वाजवणारा मृदंगाचार्य रंगात आला की स्टँडपासून हातभर सरकतो, मग घुमारा गेला कुठे म्हणून माईकवाला बटणं फिरवत बसतो. मृदंगालाच चिमट्यानं अडकवायचे छोटे माईक मिळतात, त्याला पर्याय नाही. संबळ, हलगी यांची गोष्ट सोपी आहे. ती इतक्या जोरात वाजतात की अंबाजोगाईत योगेश्वरीच्या दारात गोंधळ घालताना त्यांना माईकची गरजच नसते. संबळ वाजतोय आणि गोंधळ्याचा शब्द ऐकू येत नाही म्हणून संबळाचाच माईक वाढवणारे लोक मी पाहिलेत. तो काढून टाकला की शब्द ऐकू येतो.

माईक काढून टाकणं हाही निवडीचाच भाग आहे. मंचावर उघडे माईक दुप्पट झाले की शिट्टी बसण्याआधी मिळणारा आवाज 3 डेसिबलनं घटतो. एकाचे आठ केले की 9 डेसिबल गेले. सप्ताहात महाराज, दोन गायक, मृदंगाचे दोन, पेटी, विणा आणि ‘असू द्या एक जास्तीचा’ असे सहज आठ होतात. विण्याला माईक लावायचं मला तरी कारण दिसत नाही. जास्तीचा माईक तर हटकून उघडा राहतो आणि शिट्टी तोच मारतो. राजकीय मंचावर याचंच दुसरं रूप दिसतं. हा जिल्हा वक्त्यांचा. प्रमोद महाजन अंबाजोगाईत वाढले, गोपीनाथ मुंडे परळीजवळच्या नाथ्र्याचे. आजही सभा म्हटली की पोडियमवर दोन लवचिक मानेचे माईक हवेतच. वक्ता डावीकडे झुकला की त्याचा आवाज एका माईकला आधी आणि दुसऱ्याला किंचित नंतर पोचतो. दोन्ही एकत्र मिसळले की आवाजातले काही पट्टे एकमेकांना खाऊन टाकतात आणि बोलणं नळीतून आल्यासारखं पोकळ होतं. दोन ठेवायचेच असतील तर एक बंद ठेवावा, अडीअडचणीला म्हणून. वक्त्याला ते सांगायचीही गरज नाही.

सप्ताहाच्या एकाच दिवसात किती वेगवेगळी कामं असतात याचा हिशेब केला तर ‘एक चांगला माईक’ ही कल्पना टिकत नाही. पहाटे काकड्याला आठ-दहा लोक गोलात, आवाज न तापलेले. सकाळी ज्ञानेश्वरीच्या पारायणाला व्यासपीठावर बसलेला चालक तीन-तीन तास एका सुरात ओव्या वाचणार, त्याच्या माईकला पानं उलटण्याचा आवाज येणार नाही असा स्टँड हवा, माईक कोणताही चालेल. संध्याकाळच्या हरिपाठाला मुलं पावलं खेळतात, फिरत असतात, त्यांना दोन माईक दोन कोपऱ्यांत आणि बाकी त्यांच्या आवाजावर सोडून द्यावं. रात्री कीर्तन. त्यातही सप्ताह पत्र्याच्या सभामंडपात आहे की मोकळ्या रानातल्या कापडी मंडपात, यानं सगळं बदलतं. कापड आवाज पिऊन टाकतं. पत्रा आणि फरशी तो परत फेकतात, आणि तो परत माईकमध्ये येतो. सभामंडपात माईक जितका जवळ, तितका शब्द कोरडा आणि समजणारा.

याचं दुसरं टोक अंबाजोगाईतच मिळतं. यशवंतराव चव्हाण स्मृती समारोहात शास्त्रीय गायनाच्या मैफली होतात. तिथे गवयाच्या मागे टाळ नसतात, तानपुरे असतात, आणि ते ऐकू यायला हवेत. गवई मान फिरवतो, हात हलवतो, एका तानेत खर्जातून तारात जातो. अशा ठिकाणी तोंडाला चिकटवलेला माईक जुलूम आहे. चांगला कंडेन्सर, फूटभर अंतर, शांत सभागृह आणि मशीनपाशी बसलेला कमी बटणं फिरवणारा माणूस. तोच कंडेन्सर दुसऱ्या दिवशी सप्ताहात नेला तर टाळांच्या गजरात महाराज हरवतील. माईक वाईट झाला म्हणून नव्हे, मागचं वाजणं बदललं म्हणून.

ध्वनिक्षेपणाचा आपला इतिहास मजेदार आहे, पण पुस्तकात मी तो आटोपता घेतलाय. स्वातंत्र्यलढ्यातल्या सभांचे फोटो पाहिले तर नेत्यांपुढच्या माईकवर मोटवाने यांच्या ‘शिकागो रेडिओ’ची पाटी दिसते. त्याआधी हजारोंच्या सभेत नेता नुसत्या घशावर बोलायचा. ध्वनिमुद्रणातही 1925 पर्यंत माईक नव्हताच, कर्ण्यात तोंड घालून गायचं आणि त्या जोरानं सुई मेणावर रेघ ओढायची. आमच्याकडे गावोगाव आवाज पोचवला तो दिल्लीच्या अहुजा कंपनीच्या मशीननं आणि देवळाच्या कळसाला बांधलेल्या भोंग्यांनी. अहुजा 1940 पासूनची. लाईट गेली तरी 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालणारी त्यांची मशीन भारनियमनाच्या वर्षांत सप्ताहांचा आधार होती, आणि त्या पिढीतले माईकवाले त्यांच्याबद्दल घरच्या बैलाबद्दल बोलावं तसं बोलतात. त्या पद्धतीचा एक अवशेष अजून त्रास देतो, तो म्हणजे माईकपासून मशीनपर्यंतची साध्या जॅकची लांब वायर. ती जनरेटर नाहीतर लाईटच्या केबलजवळून गेली की गूं गूं सुरू. एक्सएलआरच्या तीन पिनांच्या वायरीत एकच आवाज दोन तारांतून उलटसुलट जातो. वाटेत घुसलेली गुरगुर दोन्ही तारांत सारखी येते, आणि मिक्सर दोघांतला फरक घेतो, म्हणून गुरगुर कटते आणि आवाज राहतो. नवा माईक घेण्याआधी जुनी वायर बदला, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

कायद्याचं प्रकरण मी टाळणार नव्हतो. ध्वनिप्रदूषण नियम 2000 सालचे आहेत. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद, राज्य सरकार वर्षातले 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. वस्तीत दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा. कीर्तनाची जुनी वेळ 9 ते 11, म्हणजे अर्धं कीर्तन नियमाच्या पलीकडे. यावर वाद घालत बसण्याऐवजी एक साधी गोष्ट करता येते. आपल्याकडे आवाज मोठा ठेवतात तो बहुधा शब्द समजत नाही म्हणून. शब्द समजत नाही कारण त्याच्यात टाळ आणि घुमारा मिसळलाय. ते मिसळणं कमी केलं की भोंगे उतरवून मंडपापुरते बॉक्स लावले तरी शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला ऐकू येतं.

आता ध्वनिमुद्रणाकडे. इथे माझं वरचं सगळं म्हणणं उलटं फिरतं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी 1980 च्या दशकापासून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, पुढे बर्नार्ड बेल त्यांच्यासोबत ध्वनिमुद्रणासाठी आले. लाखाहून अधिक ओव्यांचा तो साठा आहे. त्यातला एक मोलाचा भाग आपल्या माजलगावचा. 1996 मध्ये भीमनगरातल्या बायांनी बाबासाहेबांवरच्या ओव्या गायल्या आणि त्या मुद्रित झाल्या. 2017 पासून ‘परी’ या संकेतस्थळावर त्या कोणालाही ऐकता येतात. सप्ताहातल्या माईकवाल्यानं त्या जरूर ऐकाव्यात, कारण तिथलं काम त्याच्या कामाहून अगदी वेगळं आहे. ओवी एकटीची नसते. एक बाई ओळ उचलते, दुसरी मागून धरते, मध्येच कुणीतरी शब्द आठवून देतं. कधी जात्याची घरघर असते, कधी फक्त गल्ली असते. इथे एका बाईच्या तोंडाशी माईक नेला तर ती ओवी भाषणासारखी लागते आणि दुसऱ्या बाईचा आवाज पुसट होतो. शिवाय तोंडासमोर काठी आली की माणूस गाणं विसरतो. इथे माईक थोडा दूर, दोघींना सारखा, चहूबाजूंचं ऐकणारा हवा. टाळ हाकलून लावायचा तो मंडपात. इथलं आजूबाजूचं वाजणं ओवीचाच भाग आहे, ते ठेवायचं.

घरी आजीच्या ओव्या घेणाऱ्या नातवाला मी माईक घ्यायला लावणार नाही. मोबाईल पुरतो. तो हातात धरू नये, तिच्यापासून हात-दीड हातावर जाड गोधडीवर ठेवावा, पंखा बंद करावा, विमान मोडवर टाकावा. मोबाईलला स्वतःच आवाज कमी-जास्त करायची खोड असते. आजी थांबली की तो आजूबाजूची घरघर वर ओढतो. रेकॉर्डिंगच्या ॲपमध्ये ही खोड बंद करता आली तर करावी. नाही आली तरी ओवी घ्यावी.

कीर्तन यूट्यूबवर टाकणाऱ्यांची गोष्ट मंडपातला माईकवाला आणि ओव्या घेणारा या दोघांच्या मधली. ते बहुधा मिक्सरमधून सरळ वायर काढून घेतात. त्यात महाराज स्वच्छ येतात, पण लोक गायब. शेवटच्या चरणाला हजार माणसं ‘विठ्ठल विठ्ठल’ म्हणतात आणि मुद्रणात फक्त दोन गायक ऐकू येतात, कारण लोकांपुढे माईकच नसतो. श्रोत्यांकडे तोंड केलेला एक माईक फक्त मुद्रणासाठी लावावा, तो बॉक्समध्ये कधीही सोडू नये. मंचापासून तो दहा मीटर लांब असेल तर त्याच्यात महाराजांचा आवाज सुमारे 30 मिलिसेकंद उशिरा येतो, तेवढी जुळवाजुळव नंतर मोबाईलवरही करता येते.

कॉर्डलेसविषयी शेवटचं प्रकरण आहे, पण त्यातलं एक वाक्य आधीच सांगतो, कारण पुस्तक तिथपर्यंत वाचलं जाईलच असं नाही. रिसीव्हर मिक्सरपाशी, लोकांच्या मागे, टेबलाखाली ठेवू नका. माणसाचं शरीर कॉर्डलेसची रेडिओलहर अडवतं, आणि मंडपात माणसंच माणसं असतात. रिसीव्हर उंचावर, महाराजांना दिसेल असा ठेवा, आणि सेल प्रत्येक कीर्तनाआधी बदला, कालचे ‘अजून चालतील’ असं म्हणू नका.

कमिटीकडे थोडेच पैसे असतील तर माझा क्रम असा : आधी एक्सएलआरच्या वायरी, मग हलणार नाहीत असे जड बुडाचे स्टँड, मग दोन अस्सल डायनॅमिक, मग महाराजांसाठी कानातला माईक. कंडेन्सर सगळ्यात शेवटी, किंवा कधीच नाही. आणि यांतलं काही घेण्याआधी आहे त्या माईकची गोल जाळी फिरवून काढा. आतला फोम सात दिवसांच्या थुंकीनं आणि गुलाल-बुक्क्यानं चिकट झालेला असतो, आवाज बसका येतो तो बऱ्याचदा त्यामुळे. जाळी आणि फोम कोमट पाण्यात साबण टाकून धुवा, सावलीत पूर्ण वाळू द्या, मगच परत बसवा. माईकच्या आत पाणी जाऊ देऊ नका.